मेहकची माहिती

रशीदच्या घरात मोबाईल एकच. लेक मेहकच्या मैत्रिणींचे फोनही त्याच्यावरच यायचे, आणि रशीद आतल्या खोलीकडं तोंड करून तिला हाक मारायचा. म्हणून शिरूरच्या सायबर कॅफेत लग्नाच्या वेबसाइटवर नाव नोंदवताना मेहकनं तोच नंबर दिला.

काविळीनं मेहक गेली. चाळिसावा झाला, तरी मुलाकडच्यांचे फोन थांबेनात. शेवटी रशीदनं वेबसाइटच्या ऑफिसात फोन लावला.

"खातं मुलीच्या नावावर आहे. माहिती काढून टाकायची तर तिनंच कळवायला हवं," तिथली बाई म्हणाली.

"कबरीतनं कळवंल व्हय ती? माहिती तिची म्हणता, मग गावोगाव वाटताय कुणाला इचारून?" रशीद कडाडला. बाईनं फोन ठेवून दिला.

लगेच पुन्हा घंटी वाजली. आता कुणाची गय करायची नाही, असं ठरवूनच त्यानं फोन उचलला.

"भाईजान, दौंडवरनं बोलतीय," एक म्हातारा, मायाळू आवाज म्हणाला. "फोटो लई आवडला बघा. पोरगी हाय का घरात? दोन शब्द बोलते तिच्याशी."

रशीदचा राग कुठल्या कुठं गेला. आतल्या खोलीकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "मेहक, बेटा, फोन हाय तुला."