शेवटून मोजलेली जागा

माझा नवरा सगळं शेवटून मोजायचा. नाटकाचं तिकीट काढताना "मागून तिसरी रांग" म्हणायचा, पत्ता सांगताना "गल्लीतलं शेवटून दुसरं दार". तारीख विचारली तर "महिना संपायला आठवडा आहे" हे उत्तर. माझं डोकं फिरायचं. साधी तारीख विचारली तर माणसाने साधी तारीख सांगावी! पण आम्ही दोघं एकाच कंपनीत, एकाच कामावर, त्यामुळे हे खूळ मला घरीही सोसावं लागलं आणि ऑफिसातही.

आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी एक डबा बनवते. पलंगाशेजारी ठेवायचा. पडलात, छातीत दुखलं, की लाल बटण दाबायचं. डबा ठरलेल्या नंबरावर फोन लावतो, "मला मदत हवी आहे" एवढं बोलतो आणि लाइन चालू ठेवतो. डब्याला वीज मिळाली की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. दुकानाची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस म्हणा हवं तर. तो आला नाही तर बाकीचे बाहेरच ताटकळणार. मेमरीत त्याची जागा अगदी सुरुवातीला. फोन नंबर वगैरे सेटिंगं दुसऱ्या जागी. ही दुसरी जागा चुकून बूटलोडरच्या अंगावर आली, तर नंबर सेव्ह केल्याबरोबर बूटलोडर पुसला जातो आणि डबा कायमचा मरतो.

नेमकं तेच झालं. नव्या मॉडेलमध्ये कुणीतरी जागेचा आकडा चुकवला आणि खोकाभर डबे मेले. धाकटे साहेब, म्हणजे मालकांचे चिरंजीव, तडक माझ्या टेबलाशी आले. बूटलोडर जिथे संपतो त्याच्या आधी सेटिंगं सुरू होत असतील, तर डब्याने चालूच व्हायचं नाही, असा नियम त्यांनी सांगितला. अपडेट सगळ्या डब्यांना पाठवायचं. काम अर्थातच माझ्या गळ्यात.

नियम ऐकायला बरोबर होता. पण लिहायला बसले आणि जुने डबे आठवले. नवऱ्याने केलेल्या पहिल्यावहिल्या डब्यांत सेटिंगांच्या जागेचा आकडा उणे आहे. मेमरीच्या टोकापासून इतकं मागे या, असा त्याचा अर्थ. मेमरीची चिप लहान मिळो की मोठी, सेटिंगं कायम शेवटी, बूटलोडरपासून लांब. नवा नियम मात्र तो उणे आकडा बघणार, बूटलोडरच्या आधीचा समजणार आणि धडधाकट डबा बंद पाडणार.

"उणे? अहो, जागा उणे कशी असेल?" धाकटे साहेब म्हणाले.

"शेवटून मोजलीय."

"असं कोण मोजतं?"

कोण मोजायचं ते त्यांनाही माहीत होतं. बोलून गेल्यावर त्यांचे कान लाल झाले. माणूस वाईट नाही, सतत घाईत असतो एवढंच.

"जुने डबे असे कितीसे उरले असतील? बदलून देऊ."

"कोणाला देणार? दुकानातून विकलेत ते, कोणाकडे आहेत ते आपल्याला ठाऊक नाही. ज्याच्याकडे आहे त्याला कळणार कधी, तर पडल्यावर. जमिनीवरून हात वर करून बटण दाबेल आणि पुढे काहीच होणार नाही. उणे आकडाही चालेल असा नियम मी लिहिते."

ते जरा वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "सोमवारी एक जुना डबा मला चालवून दाखवा. चालला तर तुमचा नियम, नाही तर माझा."

जुने डबे ऑफिसात नव्हतेच. ऑफिसची जागा बदलली तेव्हा सगळे भंगारात गेले. मला ठाऊक असलेला एकच होता, माझ्या उशाशी. नवरा दौऱ्यावर जायचा तेव्हा मी घरी एकटी, म्हणून त्याने बसवून दिलेला. त्यात नंबर त्याचाच. मी तो बदलला नव्हता. त्याचा फोन कपाटाच्या खणात असतो आणि मी तो चार्ज करते. का, ते मला विचारू नका.

रविवारी दुपारी डबा जेवणाच्या टेबलावर आणला. टेबलाला खुर्च्या दोन, एकीवर इस्त्रीचे कपडे कायमचे मुक्कामाला. आधी मेमरीची प्रत काढून ठेवली, इतकी काही मी वेडी नाही. मग माझा नियम चढवला. आकडा उणे असेल तर त्यात मेमरीचा एकूण आकार मिळवायचा, खरी जागा काढायची आणि मगच ती बूटलोडरला धडकते का ते बघायचं. वीज दिली. डबा चालू झाला आणि तांबडा दिवा लागला. सेटिंगंच नाहीत म्हणे!

नियमाने डबा अडवला नव्हता, पण ज्या डब्याला नंबर माहीत नाही तो चालू असून काय कामाचा? घरात कोणी असतं तर "चहा टाक गं" म्हणालं असतं, आणि चहा टाकता टाकता मला सुचलंही असतं. कोणी नव्हतं. चहा मीच टाकला, आणि सवयीने कप दोन काढले. एक परत ठेवताना आठवलं की या डब्याची चिप त्याने नंतर बदलली होती, मोठी घातली होती. आकार मी जुन्या आराखड्यातला धरला होता. चिपला विचारलंच नव्हतं! चिप कुठलीही येवो, हिशेब चुकू नये म्हणून तर तो शेवटून मोजायचा. आजारपणातही किती दिवस गेले ते त्याने कधी मोजलं नाही, किती उरले तेच मोजले. मला त्याचाही राग आला होता.

आकार चिपलाच विचारायचा असं लिहिलं. हिरवा दिवा लागला.

आता बटण दाबून बघायला हवं होतं. दाबलं. कपाटात फोन वाजायला लागला. वाजणार हे मला ठाऊक होतं, तरी मी धावले. खण उघडून त्याच्याकडे बघत उभी राहिले, आणि टेबलावरचा डबा तिकडून म्हणत होता, "मला मदत हवी आहे." मग मी रडले. बरंच रडले.

डोळे पुसून सेटिंगं उघडली, म्हटलं, नंबर बदलूया. कोणाचा घालावा ते सुचेना. वन्संचं नाव मनात आलं, नवऱ्याच्या मोठ्या बहिणीचं. पण तो गेला तेव्हा "मला वेळेवर कळवलं नाहीस" म्हणून त्या रुसल्या, मीही ताठले, आणि बोलणं तुटलं. त्याही एकट्याच राहतात. आणि त्यांच्या उशाशी हाच डबा आहे, भावाने स्वतः नेऊन दिलेला. हे मला आत्ता आठवत होतं; साहेबांचा नियम गेला असता तर तोही बंद पडला असता.

सोमवारी धाकट्या साहेबांनी डबा चालताना पाहिला, नियम दोनदा वाचला आणि "तुमचा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी अपडेट गेलं. दिवसभर एकही तक्रार आली नाही. पण न पडलेला माणूस तक्रार कशाला करेल? घरी आल्यावर चप्पलही न काढता मी वन्संना फोन लावला.

"कोण?" नंबर त्यांनी पुसला असावा.

"मी बोलतेय, वन्सं. तुमच्या डब्यावर दिवा कुठला आहे?"

"एवढ्या दिवसांनी फोन केलास तो दिवा विचारायला? हिरवा आहे."

"बटण दाबून बघितलंत कधी?"

त्या खोकल्या. मग म्हणाल्या, "मध्ये पडले होते गं पलंगाजवळ. हात पोचत होता. नाही दाबलं."

"का?"

"त्यात नंबर तुझा आहे. त्याने घातलेला. मी कुठला बदलणार?"

"मग उठलात कशा?"

"बसून राहिले. मग उठले."

"आत्ता दाबा," मी कसंबसं म्हटलं आणि फोन ठेवला.

अनोळखी नंबर वाजला. मी उचलला. "मला मदत हवी आहे," डबा म्हणाला, आणि मागून वन्संच्या खोकल्याचा आवाज आला.

"ऐकू आलं का गं?"

"आलं, वन्सं."

"म्हणजे चालतोय. ठेवू आता?"

"नका ठेवू इतक्यात," मी म्हटलं आणि खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून बाजूला ठेवले.