हर्षी आणि किलब्रॅकचा बाक

माझ्या अंगात किती जणांचं रक्त मुरलं आहे, मित्रांनो, ते मला सांगता येणार नाही. पुसणाऱ्यांनी पुसलं, पण लाकूड तहानलेलं असतं, थोडं पितंच. मी ओकचा एक जुना, जाडजूड बाक आहे. आयर्लंडमध्ये ट्रली शहरापासून थोडं दूर, जिथे समुद्राच्या वाऱ्याने झाडंसुद्धा एकाच बाजूला वाकली आहेत, असं किलब्रॅक नावाचं गाव आहे. तिथल्या फुटबॉल क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्मच मारातून झाला. वादळाने झाड पाडलं, करवतीने चिरलं, रंध्याने सोललं, हातोडीने जोडलं. आधी मी गावच्या खाटकाकडे होतो. त्याचं दुकान बंद झालं तेव्हा चार जणांनी मला उचलून इथे आणलं. तिकडे माझ्यावर मेलेली जनावरं पडत, इथे जिवंत माणसं पडू लागली. मला वाटलं, चला, सुखाचे दिवस आले. लाकडाला अक्कल कमी असते, मित्रांनो.

इथला फुटबॉल तुमच्या ओळखीचा नाही. यात बॉल पायाने मारतात आणि हातानेही झेलतात. खांद्याला खांदा भिडवून समोरच्याला आडवं करतात. आडव्या दांडीखालून बॉल गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट. खेळणाऱ्याला पगार नाही की दुसऱ्या गावाकडून बोलावणं नाही. ज्या गावात वाढलात त्याच गावासाठी हाडं मोडून घ्यायची, एवढंच. मैदानावर जाण्याआधी प्रत्येक खेळाडू वाकून माझ्यावर एक थाप मारतो. ही किलब्रॅकची रीत आहे. बाकाला थाप मारली की तुम्ही गावाचे झालात.

त्या काळी मॅनेजर होता मॉस हॅनफिन. मान बैलाची, आवाज भोंग्याचा. तो थाप मारत नसे. खिळ्यांचे बूट घालून तो माझ्यावर चढायचा आणि टाचा आपटत ओरडायचा, "कुणी पडलं तर उठा! उठता येत नसेल तर पडल्या पडल्या समोरच्याचा पाय धरा!" त्याच्या प्रत्येक वाक्याचं एक भोक माझ्या पाठीवर आहे.

याच खोलीत एके दिवशी हर्षवर्धन आला. त्याची आई डॉक्टर उर्मिला ट्रलीच्या मोठ्या हॉस्पिटलात होती, वडील पुरुषोत्तम औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. पोरगं पुण्याहून कडेवर बसून आलं होतं आणि इथल्या चिखलात ताडासारखं वाढलं होतं. हर्षवर्धन हे नाव कुणाच्या तोंडात मावेना, म्हणून मॉसने त्याचा 'हर्षी' केला. पहिल्या मॅचला त्याने वाकून माझ्यावर थाप मारली तेव्हा दारात उभ्या पुरुषोत्तमचे डोळे भरून आले. तो बायकोला फोनवर म्हणाला, "अगं, आपल्यासारखंच आहे गं यांचं. उंबऱ्याला हात लावून बाहेर पडतात तसं."

हर्षी मधल्या फळीत खेळे. बॉल आभाळातून खाली यायचा तेव्हा सहा-सात जण एकदम उडी मारत. कोपरं बरगड्यांत शिरत, गुडघे पाठीत बसत, आणि त्या सगळ्या गुंत्यातून दोन सावळे हात वर येत नि बॉल काढून नेत. हे मी पाहिलेलं नाही. मॅच संपल्यावर माझ्यावर बसून पोरं सांगायची ते ऐकलेलं आहे.

समोरचे त्याला डिवचत. एकदा शेजारच्या बॅलिनार्डचा एक दांडगा त्याच्या कानाशी म्हणाला, "घरी जा रे, तुझी करी गार होतेय."

"ये की जेवायला," हर्षी म्हणाला. "पण दात घेऊन ये."

आणि पुढच्याच उडीला त्याने त्याचे दोन दात पाडले. त्या दिवशी रेफरीने त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. तो माझ्यावर येऊन बसला, फुटलेल्या मुठीतून रक्ताचे थेंब माझ्यावर गळत होते. मॉसने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता तू खरा किलब्रॅकचा झालास, बॉय!" हर्षी हसला. खरं सांगतो, मलाही अभिमान वाटला. मारणाऱ्याचं कौतुक करणाऱ्या घरात राहिलं की बाकसुद्धा बिघडतो.

वर्षं गेली. नाकं मोडली, खांदे निखळले, हर्षीच्या भुवईवर टाके पडत गेले. गावात त्याला कुणी परका म्हणेना. दुकानात त्याच्या आईला लोक "हर्षीची मम्मी" म्हणून रांगेत पुढे सोडत.

मग तो सेमीफायनलचा दिवस आला. मॅच आमच्याच मैदानावर होती. मध्यंतराच्या थोडं आधी दोघांनी हर्षीला उचलून आत आणलं. कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. त्यांनी त्याला माझ्यावर निजवलं, तसा तो कुशीवर वळला आणि ओकला.

मॉसची एक परीक्षा होती. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाची तो ती घेई. त्याच्या आधीचा मॅनेजरही तीच घ्यायचा. तो हर्षीवर वाकला. "आपलं गाव कोणतं, बॉय?"

"किलब्रॅक," हर्षी म्हणाला.

"बघा! ठणठणीत आहे!"

मित्रांनो, ही चूक फक्त किलब्रॅकचीच माणसं करू शकतात. ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही तोही इथे गावाचं नाव सांगतो. ते डोक्यात राहतच नाही, ते पोटात असतं.

दारात पुरुषोत्तम उभा होता. तो चाचरत म्हणाला, "मॉस, त्याला उलटी झाली आहे. उर्मिला ड्यूटीवर आहे, तिला एक फोन..."

"पुरू, उलटी झाली म्हणजे नाश्ता जास्त झाला. तुझ्या पोराविना आम्ही हरतो. काय करू, सांग?"

पुरुषोत्तमने मुलाकडे पाहिलं. "बाळा, बरा आहेस ना रे?"

त्या घरात बाप मराठीत विचारी आणि पोरगा इंग्रजीत उत्तर देई. हर्षी उठून बसला. डोळे एकीकडे, मान दुसरीकडे. "आयम ग्रँड, बाबा."

'ग्रँड' म्हणजे एकदम बरा, आणि इथे सगळे 'ग्रँड'च असतात. हात मोडला तरी ग्रँड, माणूस गेला तरी घरचे ग्रँड. आणि पुरुषोत्तम दारातून बाजूला झाला. एक पाऊल, मित्रांनो. मी पाहिलं. तेवढंच.

हर्षीने माझ्यावर थाप मारायला हात खाली नेला, पण तो माझ्यावर पडलाच नाही. हवेतच फिरला. आणि तो बाहेर गेला.

पुन्हा आत आणला तेव्हा त्याला चौघांनी धरलं होतं. पायांना झटके येत होते, आणि ते पाय माझ्यावर आपटत होते. पुरुषोत्तमचा फोन गेला होता; अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी उर्मिला पोचली. तिने मोबाइलचा दिवा त्याच्या डोळ्यांत धरला, पापण्या उघडून पाहिल्या, त्याची मान दोन्ही हातांत धरून ठेवली. तोवर ती डॉक्टर होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"तू दारात होतास ना, पुरुषोत्तम?"

"होतो."

"मग?"

उर्मिलाने त्याला पुन्हा विचारलं नाही. ती मुलाच्या कानाशी वाकली आणि तिच्या माहेरची एक ओवी पुटपुटू लागली. ती गातही नव्हती, रडतही नव्हती.

मोडलं लाकूड बाई, सुतार गं सांधीतो
फुटलं डोईचं भांडं, कोण कासार जोडीतो

त्यानंतर हर्षी खेळला नाही. गावात बोलणं होई, ते मी ऐके. त्याला उजेड सोसत नाही, भांड्याचा आवाज सोसत नाही, वाक्य अर्ध्यात विसरतो. माझ्यावर नवी पोरं बसू लागली. पुढे मीही अडगळीत पडलो. ओले टॉवेल, फुटके बॉल, चिखलाचे बूट, सगळं माझ्यावर. कैक हिवाळे कुणी पुसलं नाही.

मग मॉसचे गुडघे गेले. तो क्लबचा अध्यक्ष झाला आणि मॅनेजर व्हायला कुणी पुढे येईना. तेव्हा एका पावसाळी संध्याकाळी दार उघडलं आणि हर्षी आत आला. केस कानांवर थोडे पिकले होते. त्याने माझ्यावरचे टॉवेल उचलले, फडक्याने मला पुसलं आणि माझ्यावर बसला. पोरांसमोर पहिल्यांदा बोलला ते एवढंच: "ज्याला दुखतंय, त्याने दुखतंय असं सांगायचं."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "मॅनेजर आहे का लायब्ररियन?"

तो माझ्यावर कधी चढला नाही. पण पोरांना तो उडी कधी घ्यायची ते शिकवी, कोपर न मारता जागा कशी करायची ते शिकवी. आणि किलब्रॅक जिंकू लागलं. जिंकत जिंकत त्या भागातल्या क्लबांच्या फायनलला पोचलं. कित्येक वर्षांनी. मैदान ठरवायची नाणेफेक आमच्या बाजूने पडली, फायनल आमच्याच मैदानावर. समोर बॅलिनार्ड.

आमचा सगळ्यात चांगला खेळाडू होता दारा, मॉसचा नातू. मॉस म्हणे, "हे एकदा पाहिलं की मी मरायला मोकळा."

मध्यंतरानंतर बाहेरून एक आवाज आला. हाडावर हाड आदळल्याचा. खाटकाकडे राहिलेल्याला तो ओळखावा लागत नाही. मग दाराला लाथ बसली आणि हर्षी मॉसच्या नातवाला खांद्यावर घेऊन आत आला. त्याला माझ्यावर निजवलं. पोरगं ओकलं. त्याच्या कानातून बारीक लाल धार येत होती.

मागोमाग मॉस लंगडत आला. "एक पॉइंटने मागे आहोत! दारा, आपलं गाव कोणतं, बॉय?"

"किलब्रॅक."

"ग्रँड! चल, ऊठ!"

"तो जाणार नाही," हर्षी म्हणाला.

"तू मॅनेजर आहेस, देव नाहीस! माझा नातू आहे तो!"

"म्हणूनच सांगतोय."

मॉसने काठी उगारली. हर्षीने ती वरच्या वर धरली, म्हाताऱ्याला छातीने ढकलत बाहेर लोटलं आणि दार लावून घेतलं. त्या दाराला कडी नाही, मित्रांनो, कधीच नव्हती; ओलीने फुगलेलं होतं, म्हणून तेवढ्यापुरतं अडकलं. बाहेरून लाथा सुरू झाल्या. मॉसच्या आवाजात आणखी चार-पाच आवाज मिसळले. "दार उघड, भित्र्या! गावाचा घात करतोयस! तुझं हे गावच नाही, म्हणून करतोयस!"

ते शेवटचं वाक्य हर्षीला लागलं. मला त्याच्या हातांतून कळलं, कारण तेव्हा ते हात माझ्यावर होते. त्याने पोराला खाली बसवलं, मला एका टोकाला धरून फरफटत नेलं आणि बंद दाराला आडवा लावला. बाहेरची प्रत्येक लाथ आता माझ्या बरगड्यांत येत होती.

इकडे आत दारा उठला. त्याचे डोळे हर्षीला शोधत होते आणि सापडत नव्हते. "मला जायचंय! सोड मला!" तो धावून आला आणि त्याने हर्षीच्या तोंडावर ठोसा मारला. एक. पुन्हा एक. हर्षीचा ओठ फाटला, रक्त माझ्यावर उडालं. एके काळी याच मुठींनी दोन दात पाडले होते. आज त्या उघड्या होत्या. तो मार खात राहिला आणि पोराची मान जपत त्याला मिठीत घट्ट धरून राहिला.

बाहेरून मोठी धडक बसली. माझा एक पाय कडाडला आणि तुटला. मी तीन पायांवर कलंडलो, पण हललो नाही.

"दारा!" बाहेरून मॉस गरजला. "दारा, मी आलोय! मी आहे!"

हर्षी हळूच म्हणाला, "दारा, कोण हाक मारतंय तुला?"

पोराने मान कलती केली. ऐकलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"मला नाही माहीत," तो रडवेला होऊन ओरडला. "कोण आहे तो म्हातारा? त्याला गप्प करा ना कुणीतरी! माझं डोकं फुटतंय!"

लाथा थांबल्या.

ज्या आजोबाच्या मांडीवर बसून तो बोलायला शिकला, त्याचा आवाज त्याला ओळखू येत नव्हता. बंद दाराच्या त्या बाजूला कुणीतरी लाकडाला कपाळ टेकवलं. मला ते कळलं. मग मॉसचा आवाज आला, इतका लहान की मीसुद्धा तो कधी ऐकला नव्हता.

"हर्षी... दार उघडू नकोस रे. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत कुणालाही उघडू नकोस. मी इथे उभा आहे."

मैदानावर शिट्टी वाजली. किलब्रॅक एका पॉइंटने हरलं.

दारा वाचला. आजोबाला तो दुसऱ्या दिवशी ओळखू लागला. गावातले काही जण अजून हर्षीशी बोलत नाहीत. मॉस बोलतो. माझ्या तुटलेल्या पायाला त्याने स्वतः पट्टी ठोकली. खिळे वाकडे बसले आहेत, म्हातारा सुतार नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. मला मारलंत तरी चालेल, मी लाकूड आहे, माझ्यावर चढा, बूट आपटा. पण तुमच्या जिवाभावाचं माणूस थरथरत्या पायांनी उभं राहून 'मी बरा आहे' म्हणालं, तर त्याच्या शब्दावर विसंबू नका. त्याच्या वाटेत आडवे व्हा. तो तुम्हाला मारेल, मागून गाव लाथा घालेल, एखादा पाय मोडेल.

तरी हलू नका.