शेवटच्या ओळीतला 'आदी'

"सुपडू, ते खिळे सोडू नको रे. दोरीनं बांधून ठेव, उद्या परत लागतीलच."

छापखान्याचे मालक रुपचंदनाना यांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. 'आदी' माझं नाव. धुळ्याच्या एका दैनिकात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून तिथले कामगार सुपडूभाऊ यांनी मला उभं केलं, ते साल होतं एकोणीसशे ऐंशी. 'उपस्थित होते' हे माझे सोबती. रोज शाईचं स्नान, काम झालं की रॉकेलनं अंग पुसणं, हा नेम मी कधी चुकवला नाही. दसऱ्याला आमच्यावर झेंडूचं फूल वाहिलं जाई.

माझं काम साधं. बातमी जागेत मावेना की शेवटची नावं काढायची आणि तिथं मला बसवायचं. 'सरपंच, चेअरमन, ग्रामसेवक आदी उपस्थित होते.' नाना म्हणत, "हा आदी नसता तर आपला पेपर वेळेवर निघालाच नसता!" मला धन्य वाटे. देवळात घंटेखाली सगळ्यांना जागा असते, तशी माझ्यात सगळ्यांना आहे, असं मी समजत होतो.

त्र्याऐंशी साली शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातून गुरुजींनी प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारोपाची बातमी पाठवली. पाहुण्यांनंतर वर्गातल्या सतरा बायांची नावं होती, पहिलं झुंबरबाईंचं. भाऊंनी ती जुळवलीसुद्धा. तेवढ्यात एका आडत दुकानाची जाहिरात आली. सतरा नावं उचलली गेली आणि मी जाऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई स्वतःच छापखान्यात आल्या. हातात पेपरची घडी, पानन् पान उलटून पाहिलेली.

"भाऊ, यामा मन्हं नाव कोठे शे? मी बठ्ठा पेपर देखा."

भाऊंनी माझ्यावर बोट ठेवलं. "हे काय आक्का, इथं. 'आदी'मध्ये."

बाईंनी मला निरखून पाहिलं. "आम्ही सतरा बाया इतलाशा शब्दमा मावनूत? लगीनना मांडोमा बी इतली दाटी नही ऱ्हास!"

सगळे हसले. त्याही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "मले मन्हं नावच वाचता येस, भाऊ. दुसरं काही नही."

मग कुणी हसलं नाही. "पुढच्या बातमीत नक्की छापतो, आक्का," भाऊ म्हणाले. गुरुजींचा कागद त्यांनी तारेला टोचून ठेवला.

पण त्या गावची बातमी पुन्हा आलीच नाही. वर्गच बंद पडला होता. तारेवर नवे कागद चढत गेले, गुरुजींचा तळाशी राहिला. मग ऑफसेट आलं, कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरवरही 'आदी' होताच, पण तो मी नव्हतो. मी खणात धूळ खात पडलो. खिळे पोत्यात भरले जाऊ लागले. एक दिवस नाना म्हणाले, "उद्या सगळं शिसं वितळायला जाणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी, टेम्पो यायच्या आधी, भाऊ आले. त्यांनी तारेवरून तळाचा कागद काढला, कपाळाला लावला आणि उरलेल्या खिळ्यांतून एकेक नाव जुळवायला घेतलं. झुंबरबाई. कुंदाबाई. कलाबाई. यादीतल्या आक्काबाई या नावासाठी 'आ' कुठं सापडेना. भाऊंनी माझी दोरी सोडली आणि माझा 'आ' काढून तिथं बसवला. माझ्याच दोरीनं ती सतरा नावं बांधली. मी अर्धा झालो, मित्रांनो, पण इतकं भरल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची बातमी लिहाल तेव्हा मला खुशाल बोलवा. फक्त मला बसवण्याआधी घटकाभर थांबा आणि माझ्या पोटात कोण कोण जाणार आहे, ते एकदा बघा. त्यांतलं कुणीतरी पेपरात आपलं नाव शोधत असेल.

त्या सकाळी भाऊंनी त्या नावांना शाई लावून एकच कागद छापला. तो वाळेपर्यंत उभे राहिले. मग चुरगळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांत ठेवला, टोपी घातली आणि कुणाला काही न सांगता शिंदखेड्याच्या एसटीकडे निघाले.