कालचा ताप

नानांना अँटिबॉडीचं सलाइन लावलं, त्या दिवशी ताईने डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून भंडावून सोडलं. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. काचेवरचा बारीकसा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटायचा नाही, आणि माणसांकडेही ती तशीच बघायची. बाटलीवरचं नाव, मुदतीची तारीख, सगळं तिने स्वतः वाचून घेतलं.

"हे तयार सैनिक आहेत असं समजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वडिलांचं वय झालंय, त्यात मधुमेह. त्यांच्या शरीराला स्वतःची फौज उभी करायला वेळ लागेल. तोवर हे विषाणूला पेशींत शिरू देणार नाहीत. फक्त लवकर द्यावं लागतं. ताप कालच आला ना?"

"कालच," नाना म्हणाले. ताईनेही मान डोलावली. आदल्या संध्याकाळी नाना पाट्या आणि भिंती रंगवायच्या कामावरून परतले, तेव्हा तिनेच त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला होता.

पण उतार पडायचं राहिलं बाजूला, दुसऱ्याच दिवशी नानांना धाप लागली. नाकाला ऑक्सिजनची नळी आली. डॉक्टरीणबाई नवीन औषध घेऊन हजर.

"हे स्टेरॉइड. प्रतिकारशक्ती जरा दाबावी लागेल."

ताईला वाटलं, आपल्या ऐकण्यातच चूक झाली. "काल तुम्ही सैनिक पाठवलेत. आज त्यांच्याच मुसक्या बांधताय?"

"त्यांच्या नव्हे. विषाणूपेक्षा आता शरीराचा स्वतःचा भडकाच फुप्फुसांचं नुकसान करतोय. तो आवरायला हवा."

"मग कालचं औषध कशाला दिलंत?"

डॉक्टरीणबाई उत्तर द्यायचं सोडून केसपेपर चाळू लागल्या. तेवढ्यावरच ताईच्या मनात पाल चुकचुकली. "मला विचार करू द्या. तोवर हात लावायचा नाही," असं सांगून ती बाहेर आली.

बाहेर जे दिसेल ते तिला खटकू लागलं. नर्सला विचारलं तर ती "मॅडमनाच विचारा" म्हणून सटकली. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होत्या. ताईला पाहताच दोघं गप्प झाले. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, ताईची खात्रीच पटली. औषध चुकलं असणार, आणि आता सारवासारव चाललीय. बाकावर बसलेल्या धाकट्या भावाला ती म्हणाली, "नानांना दुसरीकडे हलवू या."

धाकटा टॅक्सी चालवायचा. दिवसभर बडबड करणारा हा प्राणी सकाळपासून मिठाची गुळणी धरून बसला होता. "नको गं ताई. देऊ दे ना त्यांना काय द्यायचं ते," एवढंच तो पुटपुटला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही, हे दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? माझाही तुमच्यावर नाही. आमचं औषध द्यायच्या आधी वडिलांचं रक्त घेतलं होतं. त्याचा रिपोर्ट आत्ता आला. त्यात त्यांच्या स्वतःच्या अँटिबॉडी आहेत, भरपूर. एका दिवसाच्या तापात त्या तयार होत नाहीत. आठवडा तरी उलटलेला असतो. आपली फौज मैदानात उतरल्यावर बाहेरून कुमक पाठवून फारसा फायदा नाही. ताप नक्की कधी आला?"

ताईला धाकट्याची सकाळपासूनची मिठाची गुळणी आठवली. ती उठली ती थेट धाकट्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याने मान खाली घातली, आणि तिला सगळं कळलं.

"तुला माहीत होतं!"

"नानांनी शपथ घातली होती," तो रडकुंडीला आला. "नाट्यगृहाच्या भिंतीवरच्या चित्राचं काम हातात होतं. म्हणाले, ताईला कळलं तर ती मला परांचीवर चढू देणार नाही. आठवडाभर रोज तापाची गोळी घेऊन जायचे. गोळ्या मीच आणून द्यायचो. मला वाटलं, साधा ताप आहे."

"आणि डॉक्टरांसमोरसुद्धा तोंड शिवून बसलास?"

"नाना माझ्याकडेच बघत होते गं."

त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं तिला वाटलं. पण आत नानांचा श्वास भात्यासारखा चालला होता. ती परत फिरली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "द्या ते औषध. आणि मघाशी बोलले त्याबद्दल..."

"राहू द्या. मीच आधी खोदून विचारायला हवं होतं."

नाना वाचले. मात्र फुप्फुसांवर व्रण राहिले. भिंतीवरचं चित्र दुसऱ्या पेंटरने पुरं केलं, आणि त्यातल्या रंगांना नावं ठेवत नाना घरी खिडकीशी बसू लागले. धाकट्याशी ताई बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

एका दुपारी नानांना ठसका लागला. "धुळीचा आहे," ते घाईने म्हणाले. ताईने थर्मामीटर आणला. ते हात पुढे करू लागले, तसा तिने तो मागे घेतला आणि स्वतःच त्यांच्या जिभेखाली ठेवला.

"एवढाही भरवसा नाही बापावर?" तो तोंडात धरूनच नाना बोबडं बोलले.

"नाही," ताई म्हणाली, आणि त्यांचा हात धरून तिथेच बसून राहिली.