पाच भोकं

"बाखूम, वर बघू नकोस. नुसतं ऐक," खिडकीच्या गजांपलीकडून दिम्याना म्हणाली.

तो वर बघणारच नव्हता. चर्चमागच्या त्या खोलीला आम्ही बेथलेहेम म्हणतो. मिस्सेची, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर तिथं होते आणि ती होईपर्यंत भाकर करणाऱ्याच्या तोंडी फक्त स्तोत्रं असावीत असा रिवाज आहे. बाकीचे भाकरवाले मधेच फुटबॉलवर बोलून घेतात, पण बाखूमनं तीस वर्षांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

आज दिम्यानाच्या नवऱ्याला जाऊन चाळीस दिवस झाले, त्याच्या नावानं मिस्सा होती. कैरोतला हा औषधवाला. तिच्या बापानं बाखूमला दिलेला शब्द फिरवून पोरगी त्याच्या घरी दिली. बाखूम पुन्हा लग्नाच्या फंदात पडला नाही. आजचं पीठ तिनंच आणून दिलं होतं.

"पोरगा ऑस्ट्रेलियाला बोलावतोय," ती सांगत होती. "भाऊ म्हणतो, इथंच राहा, वरची खोली रिकामीच आहे. मी काय करू, तू सांग. दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटत नाही."

बाखूमचे हात कणकेत थांबले.

तरुणपणी मठातल्या एका म्हाताऱ्या साधूनं त्याला शिकवलं होतं, विचार मनाच्या दारात येणारच, त्याला उंबऱ्यावर अडवून विचारायचं, तू कुणाकडून आलास? रोज पहाटे दिम्याना अशी दारात यायची आणि तो स्तोत्र म्हणत तिला परत पाठवायचा. ती ओढ त्याच्या ओळखीची झाली होती. पण आज तिच्या आडून आणखी काहीतरी आत शिरलं होतं. औषधवाला गेल्याचं कळलं त्या दिवशी बाखूमनं बाजारातून येताना उगीचच स्वतःसाठी पेरू घेतले होते. ते पेरू का घेतले होते, हे त्याला आत्ता कळलं आणि त्याची त्यालाच भीती वाटली. आपण तोंड उघडलं तर औषधवाला गेल्याचा आनंदच बोलेल, असं त्याला वाटलं.

त्यानं स्तोत्र जरा मोठ्यानं म्हटलं. दिम्याना खिडकीपासून निघून गेली.

मग त्यानं भाकरींवर क्रुसाचा ठसा उमटवला आणि ख्रिस्ताच्या जखमांची पाच-पाच भोकं टोचली. एक भाकर टोचायची राहिली. ती भट्टीत टम्म फुगून फुटली. त्यानं ती फडक्याखाली बाजूला ठेवली.

मिस्सेआधी त्यानं सगळं अबूना सराबामून यांच्या कानावर घातलं. अबूना आमचे जुने पाद्री, फार बोलत नाहीत.

"राखण केलीस ते बरंच केलंस," ते म्हणाले. "पण बाळा, दार राखायचं असतं, चिणायचं नसतं. त्या आनंदाला हाकलून दे आणि बाईला उत्तर दे."

मिस्सा संपल्यावर बाखूम टोपली घेऊन दाराशी उभा राहिला आणि एकेकाला प्रसादाची भाकर देऊ लागला. एकच शब्द त्यानं जिभेवर तयार ठेवला होता. काळ्या कपड्यांतली दिम्याना शेवटी आली आणि तीच आधी बोलली.

"घरी जाऊन पोराला फोन केला. येते म्हटलं. रडला रे तो."

बाखूमनं तो शब्द गिळला. "मी स्तोत्र म्हणत होतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. बाबांनी शब्द फिरवला तेव्हाही तू असाच गप्प होतास."

"दिम्याना, तुझा माणूस गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं. मला माफ कर."

तिनं हातातली भाकर रुमालात बांधली.

"माफ केलं," ती म्हणाली. "एवढं तरी खिडकीत बोलायचंस."

अंगण रिकामं झाल्यावर तो बेथलेहेममध्ये परतला. फडक्याखालची भाकर काढून बाकावर बसला. भट्टी विझली होती. आता बोलायला हरकत नव्हती.

"राहा," तो म्हणाला, आणि त्यानं भाकर मोडली. आतून ती पोकळ होती. त्यानं ती सगळी खाल्ली.