ताईच्या नावाचा परवाना

आमचे दाजी शिकारीच्या तयारीला लागले तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि शिकारीचा हंगाम थेट पानगळीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, मार्लिसताईचे यजमान, एल्डन ब्रेकी. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावी चीजच्या कारखान्यात ते आणि मी एकाच पाळीला. हरणांचं म्हणाल तर आमच्याकडे काही तोटा नाही. ताईच्या परसातला कोबी त्यांनाच पोसतो. पण दाजींना आता ही घरची हरणं पुरेनात. त्यांना पश्चिमेकडचं म्यूल हरीण हवं होतं, खेचरासारख्या कानांचं, आणि तेही वायोमिंगच्या डोंगरात, सरकारी मोकळ्या रानात, जिथे कुठल्या शेतमालकाच्या हातापाया पडावं लागत नाही. नुसता परवाना लागतो. आणि बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तो सोडतीत नाव निघालं तरच मिळतो.

या बारीकशा अडचणीकडे दाजींनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. नवे बूट आणले आणि ते पायात बसावेत म्हणून घरभर घालून फिरू लागले, जेवतानासुद्धा. पाठीवर मिठाचं पोतं बांधून तळघराचा जिना चढू-उतरू लागले. आमच्या भागातली सगळ्यात उंच जागा म्हणजे गावची पाण्याची टाकी. तेव्हा डोंगराची सवय करायला जिन्याशिवाय दुसरं होतं तरी काय? संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसून आकाशातून काढलेले फोटो न्याहाळायचे. त्यातच एके दिवशी त्यांना एक दरी सापडली. वर बर्फ, मध्ये झाडी, खाली ओढा. तिथे आजवर कुणी माणूस गेलेला नसणार, असं त्यांनी इथून हजार मैलांवरून ओळखलं. दरीचं नाव कुठे बोलायचं नाही, अशी मला शपथ घातली. मी कुणाला सांगणार होतो, चीजला?

अर्ज भरायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आपण एकत्र भरू. एकत्र अर्ज केला की सगळ्यांचं नाव निघतं, नाहीतर कुणाचंच नाही. दाजींना ते पटलं नाही. माझ्या नशिबाचं ओझं त्यांना आपल्या नशिबावर नको होतं. सुटे अर्ज भरायचे, आणि एक जादा असावा म्हणून मार्लिसताईच्याही नावाने एक, असं ठरलं. ताईने बटाटे सोलता सोलता हो म्हटलं. ती लहानपणापासून वडिलांबरोबर शिकारीला जायची आणि दर हंगामात एक हरीण घरी आणायची. दाजींच्या मते हे तिचं नुसतं नशीब.

जूनमध्ये निकाल लागला. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. दाजींनी स्वतःचं नाव शोधलं, ते निघालं नव्हतं. मग माझं शोधलं, तेही नव्हतं, आणि त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. मग चष्मा पुसून ते पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

"मार्लिस," ते शेवटी म्हणाले, "तुझं निघालंय."

"बरं," ताई म्हणाली. "मग मी जाते."

"म्हणजे आपण जातो."

"तू ये की. सामान उचलायला कुणीतरी लागेलच."

दुसऱ्या दिवशी दाजींनी परवाना नवऱ्याच्या नावावर करता येतो का, हे विचारायला वायोमिंगच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. दाजींनी दुपारी पुन्हा फोन लावला, या वेळी दुसरं कुणी उचलेल या आशेने. त्याच बाईने उचलला.

ऑक्टोबरात आम्ही तिघं निघालो. गाडी मी चालवत होतो. वाटेतलं अख्खं साउथ डकोटा राज्य संपेपर्यंत दाजी ताईला, हरणाला आपला वास जाऊ नये म्हणून वारा कसा ओळखायचा, ते शिकवत होते. ताई खिडकीला डोकं टेकून झोपली होती, पण शिकवणीत त्यामुळे काही खंड पडला नाही.

आजवर कुणी माणूस न गेलेल्या त्या दरीच्या तोंडाशी पोचलो, तर गाडी लावायला जागा नाही. आमच्या जिल्ह्याच्या जत्रेलाही एवढ्या गाड्या नसतात. मिनेसोटाच्या, मिशिगनच्या, ओहायोच्या. एकाने तर ग्रिलवर सॉसेज भाजायला घेतले होते. बहुतेक सगळ्यांनीच घरी बसून ते फोटो पाहिलेले दिसत होते. दाजी म्हणाले, ही मंडळी वर चढणार नाहीत. मग ते स्वतः चढायला लागले, आणि अर्ध्या तासात डोकं धरून एका दगडावर बसले. विरळ हवेचा त्रास. तळघरात तेवढी उंची कुठून येणार? ओकाऱ्या सुरू झाल्या तसं त्यांना धरून खाली आणलं.

दोन दिवस ते तंबूत पडून होते. ताई मात्र त्या दरीकडे फिरकलीसुद्धा नाही. सगळे वर बघतात, मग आपण खाली बघू, एवढंच ती म्हणाली. रस्त्यापासून जवळच खुरट्या झुडपांच्या बोडक्या टेकड्या होत्या, कुणी ढुंकून पाहू नये अशा. तिथे ती दुर्बीण घेऊन सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसायची. मी शेजारी बसून कंटाळायचो.

तिसऱ्या दिवशी दाजीही आले, पिवळ्या चेहऱ्याने आणि चक्क गप्प. ऊन वर आल्यावर ताईने दुर्बीण न हलवता हळूच माझं मनगट दाबलं. समोरच्या उतारावर झुडपातून दोन कान वर आले होते. मग शिंगं दिसली. मध्यम, नीटस. नर उठून उभा राहिला. ताईने बंदूक सॅकवर टेकवली.

"थांब," दाजी कुजबुजले. "वर दरीत याच्या दुप्पट असतील."

"एल्डन, मला हा आवडलाय."

ताईने श्वास सोडला आणि गोळी झाडली. नर चार पावलं गेला आणि बसावा तसा खाली पडला.

आम्ही पोचलो तेव्हा ताई त्याच्या मानेवर हात ठेवून काही वेळ तशीच बसली. तिचे डोळे भरले होते, दरवेळी भरतात. दाजी गुडघ्यांवर बसले. त्यांनी नराचा एक कान आपल्या तळहातावर पसरला. कान तळहाताबाहेर गेला.

"केवढा कान आहे गं," ते म्हणाले. हा आवाज मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. वर्षभर ते शिंगांबद्दलच बोलत होते.

मग मांस काढून गाडीपर्यंत न्यायचं काम. मागचे दोन्ही पाय दाजींनी एकट्याने पाठीवर घेतले आणि उतारावरून असे चालू लागले की ताई आणि मी मागेच राहिलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्यांचं कौतुक वाटलं. मी ते बोललो नाही. बोललो असतो तर साउथ डकोटा पुन्हा ऐकावं लागलं असतं.

परतीच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर कुणी अनोळखी म्हातारा गाडीत मागे ठेवलेली शिंगं बघत थांबला आणि कुणी मारला म्हणून विचारू लागला. दाजी पेट्रोल भरत होते. त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं. ताई तोंड उघडं टाकून झोपली होती.

"बायकोने," दाजी म्हणाले.

म्हाताऱ्याने टोपीला हात लावला आणि निघाला. पण दाजींनी त्याला थांबवलं आणि त्या दिवशी वारा नेमका कुठून होता ते सांगायला सुरुवात केली. माझी कॉफी प्यायची राहिली होती. मी आत जाऊन ती सावकाश प्यायलो, वर एक डोनट खाल्ला, बाहेर आलो, तर म्हातारा अजून तिथेच होता, बिचारा.