दहापैकी सहा

"अकरा वर्षांत तुमचा आकडा हललाच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "याचं मला फार नवल वाटतं."

टेकू तपासणीच्या टेबलावर बसला होता आणि त्याच्या एकशे अठरा किलोंखाली टेबल कुरकुरत होते. देशाच्या रग्बी संघात तो पुढच्या फळीत खेळे. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ गडी वाकून, एकमेकांत डोकी अडकवून रेटतात, तेव्हा समोरच्यांचा भार ज्याच्या मानेवर येतो तो हा. म्हणून नाव टेकू. आता तर आईसुद्धा त्याला याच नावाने हाक मारी.

गेल्या शनिवारी एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. आजच्या चाचणीत पास झाला, तर येत्या शनिवारी एकसष्टावा आंतरराष्ट्रीय सामना खेळायला मिळणार होता. वय चौतीस, म्हणजे बहुधा शेवटचाच.

चाचणी साधी असते. दहा शब्द ऐकायचे, थोड्या वेळाने परत सांगायचे, आकडे उलटे म्हणायचे, एका पायावर उभे राहायचे. गुण चाळीसपैकी. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाचे गुण लिहून ठेवतात आणि डोक्याला मार बसला की पुन्हा चाचणी घेऊन त्या गुणांशी ताडून बघतात.

"सव्वीस, सव्वीस, सत्तावीस, सव्वीस, सव्वीस," डॉक्टरांनी वाचून दाखवले. त्या संघात नव्या होत्या आणि जुने कागद वाचायची त्यांना हौस होती.

"मग चांगलंच आहे की. गडी भरवशाचा."

"मोजमाप असं वागत नाही हो. एखाद्या वर्षी झोप झालेली नसते, एखाद्या वर्षी सर्दी असते, कधी माणूस खुशीत असतो. खरा आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. इतक्या शिस्तीत राहतो तो ठरवून दिलेला आकडा."

टेकूने मान खाजवली. तिचा घेर एवढा, की खाजवायलाही वेळ लागे.

"तुम्ही रागावणार नसाल तर सांगतो."

"रागवायचं काय त्यात? मला फक्त कळायला हवंय."

मग त्याने सांगितले. पहिल्या हंगामात तेव्हाच्या कप्तानाने त्याला बाजूला घेतले होते. म्हणाला, दहाही शब्द आठवले तरी सहाच सांग, चार गिळून टाक. उद्या मार लागून खरंच चार विसरलास, तर कुणाला पत्ता लागणार नाही. टेकूला ही युक्ती भलतीच हुशारीची वाटली होती. ते चार शब्द त्याच्या जिभेवर असे वळवळत होते, की परतताना बसमध्ये त्याने ते शेजारच्या बोक्याला म्हणून दाखवले. बोका म्हणजे फळीत त्याला खेटून उभा राहणारा, त्याचा जिवाभावाचा दोस्त. पुढे नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ही युक्ती टेकूनेच शिकवली.

"मग तुमचा खरा आकडा किती?"

टेकू उत्तर द्यायला गेला आणि थबकला. मानेचा घेर त्याला अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत ठाऊक होता. किती किलो उचलतो, किती सेकंदांत पळतो, सगळे तोंडपाठ. हे मात्र त्याने कधी बघितलेच नव्हते.

"घ्या चाचणी," तो म्हणाला. "आज काही गिळत नाही. बघूच."

डॉक्टरांनी सेकंदाला एक या वेगाने दहा शब्द वाचले. मग उलटे आकडे झाले, एका पायावर उभे राहणे झाले. त्यात त्याने पाय एकदाच टेकला.

"आता ते शब्द सांगा."

"साबण. कंदील. वाळू. पिशवी. घोडा. खिळा."

तो पुढे बोलायला गेला. पुढे काहीच नव्हते. त्याने डोळे मिटले, वाट पाहिली.

"स्वयंपाकघरातलं काहीतरी होतं का?"

"मला सांगता येणार नाही."

डॉक्टरांनी बेरीज केली, पुन्हा केली. "सत्तावीस. नियमाप्रमाणे तुम्ही पास आहात."

"हे शनिवारच्या माराने झालं, का आधीपासूनच आहे?"

"ते कळायला जुना खरा आकडा लागतो. तो आपल्याकडे नाही."

"पहिल्या वर्षी दहाच्या दहा होते. शपथेवर सांगतो."

"आणि गेल्या वर्षी?"

"सहा झाले की मी थांबायचो," टेकू हळूच म्हणाला. "सवयच झाली होती. पुढचे चार आहेत की नाहीत, हे कधीपासून बघितलंच नाही मी."

डॉक्टरांनी पेन उघडले, पण कागदाला लावले नाही.

"पास लिहू नका," टेकू म्हणाला. "ते जुने आकडे खोडून टाका. आजचा पहिला धरा."

"खोडता येत नाहीत. खोटे आहेत असा शेरा मारता येतो. पण मग तुमचा शनिवार गेला."

"मारा शेरा." तरी त्याला विचारल्यावाचून राहवेना. "पुन्हा कधी घ्याल? चार दिवसांनी वाढेल का?"

"बघूया. मलाही बघायचंय. शब्द वेगळे असतील बरं का."

बाहेर बाकावर बोका, स्क्रममध्ये घासून सोलवटू नयेत म्हणून, कानांना चिकटपट्टी गुंडाळत बसला होता.

"काय रे लेका, पास?"

"पास."

"मग तोंड का पाडलंयस?"

"शनिवारी खेळत नाही."

"डोकं फिरलं का तुझं?"

"तेच तर बघायला आलो होतो." टेकू त्याच्या शेजारी बसला. "बोक्या, तू दहातले किती सांगतोस?"

"सहा. तूच शिकवलंस ना!"

"ते राहू दे. सातवा असतो का अजून?"

"असणारच की!" बोका हसला. मग त्याने हातातली पट्टी खाली ठेवली आणि डॉक्टरांच्या दाराकडे बघितले.

"ए," तो म्हणाला, "आत्ता लगेच घेतात का रे त्या?"